मुठीतलं लिंबू

"पडलं! मालन, एक फेरी!"

डाबरे सरांचा आवाज आला आणि मी खाली बघितलं. उजव्या मुठीतलं लिंबू सुटून गवतात गडगडत चाललं होतं. त्या सकाळची माझी ही सातवी फेरी. बाकीच्या एकवीस जणी दोन्ही मुठींत लिंबं धरून ओळीत उभ्या होत्या आणि मी एकटी मैदानाला प्रदक्षिणा घालत होते. देवाला घातल्या असत्या तर एखादा तरी पावला असता.

फेरी संपवून आले तर सर चेंडूवर पाय ठेवून उभेच.

"अगं, चेंडू आहे तो. वाघ नाही. छातीवर लागला तर लागला. हात का वर जातो?"

"जातो सर. मी नेत नाही."

पोरी हसल्या. सर हसले नाहीत. दहा पावलांवरून त्यांनी पुन्हा चेंडू हाणला, आणि पुन्हा लिंबू पडलं.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. देशाच्या महिला फुटबॉल संघाचं शिबिर बेळगावला एका शाळेत सुट्टीत भरलं होतं. देशाचा संघ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे आज जे येत असेल ते पुसून टाका. आम्ही बावीस जणी वर्गातली बाकं भिंतीला लावून सतरंजीवर झोपायचो. अंगातले शर्ट कुठल्याशा पुरुषांच्या संघाचे जुने. माझ्या बाह्या पार बोटांपर्यंत यायच्या. पाठीवरचा जुना आकडा उसवायचा आणि आपला नवा आपणच शिवायचा. माझा पाच कुंदानं शिवून दिला होता, कारण माझी सुई धरायची तऱ्हा बघून तिला हसू आवरेना.

लिंबांचं कारण सांगते. आमच्याकडे तेव्हा मुलींना छातीपुढे हात धरायची सवलत होती. ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती, पण आमच्या सामन्यांतले रेफरी चेंडू छातीवर आला आणि पोरीनं हात आडवे धरले तर शिट्टी वाजवायचे नाहीत. बाईमाणूस आहे, चालायचंच. त्यात आमच्या घरी तर वयात आल्यापासून आईचं एकच पालुपद होतं, "पदर नाही तर हात तरी घे पुढं." अशी पाच-सहा वर्षं गेल्यावर हात आपोआप वर जायला लागतो. पण आता युरोपातल्या एका क्लबाच्या मुली भारतात खेळायला येणार होत्या, आणि त्यानंतर आमच्यातल्या सोळा जणी स्पर्धेसाठी परदेशी जाणार होत्या. तिथं हात म्हणजे हात. म्हणून सरांनी ही युक्ती काढली. छाती झाकायला हात वर गेला की पंजा उघडतो, आणि पंजा उघडला की लिंबू पडतं.

डाबरे सर वसईचे. रेल्वेत नोकरी, रविवारी चर्च, बाकी सगळा वेळ फुटबॉल. त्यांचा शिबिरात आणखी एक दंडक होता. ज्याची चूक, त्यानं हात वर करायचा. कुणी दाखवून द्यायची वाट बघायची नाही. हात वर केला की सर विचारायचे, "कुठली चूक?" ती मोठ्यानं सांगायची. मग सर म्हणायचे, "हात खाली. खेळ पुढे." तिथं ती चूक संपली. पुन्हा तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही, सरांनीसुद्धा नाही. सराव संपताना ते रोज विचारायचे, "कुणाला हात वर करायचाय?" सुरुवातीला आम्हाला हे शाळकरी वाटलं. पण बावीस पोरी एका वर्गात महिनाभर राहिल्या आणि एकदाही झिंज्या उपटल्या गेल्या नाहीत, त्याचं श्रेय त्या दंडकाला.

कुंदा मेश्राम नागपूरची, मिलच्या चाळीतली. संघातली सगळ्यात चांगली हाफ, म्हणजे मधल्या फळीतली. तिच्या पायाला चेंडू लागला की तो तिची परवानगी घेतल्याशिवाय कुठं जात नसे. तिची सतरंजी माझ्या शेजारी. तिला एकच वेड होतं, विमानाची खिडकी.

"मले काहीच नको व मालन. फक्त खिडकी पाहिजे. वरतून ढग कसे दिसते, पाहाचं हाय."

पासपोर्टचा फोटो काढायला तिच्याकडे धड साडी नव्हती, म्हणून माझी निळी साडी नेसून ती फोटो काढून आली. चार दिवस तो फोटो दाखवत हिंडत होती. "पाय, मी इमानात बसाले जाऊन राहिली असं तोंड हाय का नाई?"

मला मात्र विमानापेक्षा कोल्हापूरची काळजी होती. कारण पाहुण्या क्लबाशी आमचा सामना माझ्याच गावात व्हायचा होता.

आमच्या पेठेतल्या तालमीच्या मैदानावर मी चौदा पोरींना खेळायला शिकवत होते. पहाटे पाच ते सहा. त्याआधी कुणी येत नसे आणि त्यानंतर पैलवान यायचे. ज्ञानू वस्तादांनी आपल्या जोरावर तो तास आम्हाला दिला होता. पण तालमीच्या कमिटीतल्या म्हाताऱ्यांना ते खुपत होतं. पोरींनी छातीवर चेंडू घ्यायचा, तोही चारचौघांत, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. मी बेळगावला असताना एक पत्र आलं. वस्तादांनी सांगितलेलं, आमच्यातल्या अंजिरा नावाच्या पोरीनं लिहिलेलं.

"कमिटी म्हणती मैदान बंद करा. मी म्हणलो, मालन देशाच्या संघातनं आपल्या गावात खेळणार हाय, गाव बघू दे. नीट खेळली तर तास पोरींचा कायमचा. पोरींवाणी हात धरून लाजत उभी ऱ्हायली तर मी सोता बंद करतो. असा शब्द दिलाय. तवा संभाळून."

खाली चौदा सह्या होत्या. अंजिरानं शाईचा डाग पाडून त्याच्या भोवती फूल काढलं होतं.

मी ते पत्र कुंदाला वाचून दाखवलं. तिनं दोनदा ऐकलं. मग उठून कोपऱ्यातली दोन लिंबं आणली आणि माझ्या हातात कोंबली. "धर. झोपतानी पण धर." आणि मी खरंच तशी झोपले. वस्तादांना उत्तर लिहिलं त्यात लिंबांची सगळी हकिकत कळवली. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं.

सामना रविवारी चार वाजता. आमच्या गावात मुंग्यांनी फुटबॉल खेळला तरी माणसं शेंगा घेऊन बघायला बसतील, इथं तर परदेशी मुली. स्टेडियम फुललं होतं. एका अंगाला बायका बसल्या होत्या, त्यात माझी आई. आयुष्यात पहिल्यांदा ती मैदानावर आली होती, आणि तीही डोक्यावरून पदर घेऊन, कुणी ओळखू नये म्हणून. तिच्या पलीकडे माझ्या चौदा पोरी एका ओळीत. त्यांच्यामागे ज्ञानू वस्ताद फेटा बांधून, आणि वस्तादांच्या दोन्ही बाजूंना कमिटी.

पाहुण्या पोरी एकेक दाराच्या चौकटीएवढी. पण आम्ही काही कमी नव्हतो. कुंदानं पहिल्या दहा मिनिटांतच त्यांच्या दोघींना असं गरगर फिरवलं की लोक उभे राहून शिट्ट्या वाजवायला लागले. "आठ नंबर! आठ नंबर!" सगळं मैदान ओरडत होतं. मी मागे स्टॉपरला, गोलापुढच्या राखणीला. दोन चेंडू छातीवर घेतले. पहिला झकास घेतला. दुसऱ्याच्या वेळी उजवा हात कमरेपर्यंत आला होता, तो मी कसाबसा खाली ओढला. कुणाला दिसलं नसेल. कुंदाला दिसलं.

हाफ टाइमला शून्य-शून्य. बादलीत मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी होत्या, त्या आम्ही चोखत होतो. कुंदानं बादलीशेजारच्या पिशवीतून दोन अख्खी लिंबं काढली आणि माझ्या बाह्यांच्या आत सरकवली.

"अगं, रेफरी बघेल."

"एवढ्या लंब्या बाह्या हायेत, कोणाले दिसते? घट्ट धर. पडलं तर फेरी."

मी मुठी आवळल्या. खोटं कशाला सांगू, धीर आला.

शेवटची दहा मिनिटं उरली असताना आमच्या डीच्या, म्हणजे गोलापुढच्या चौकटीच्या, जरा बाहेर त्यांना फ्री किक मिळाली. आम्ही चौघींनी डीच्या आत भिंत केली. एका टोकाला मी, माझ्या डावीकडे कुंदा, तिच्या पलीकडे बंगालच्या दोघी. मागे गोलात गोव्याची फिलोमिना ओरडत होती. किक मारायला त्यांची सर्वात दणकट पोरगी आली. तिनं चेंडू ठेवला, मागे गेली, आणि धावली.

तो चेंडू मला आजही दिसतो. सरळ माझ्या छातीवर येत होता. मला फक्त उभं राहायचं होतं. दुखलं असतं, बस्स. पण त्याच क्षणी माझ्या मनात आलं की आई बघते आहे.

मनगटावर फाडकन आवाज झाला. चेंडू उडून बाहेर गेला. शिट्टी वाजली. मी खाली बघितलं तर पिवळं लिंबू माझ्या आणि कुंदाच्या मधोमध गवतात पडलेलं.

रेफरीनं पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवलं आणि तो भिंतीपाशी आला. हात लागला हे त्याला कळलं होतं, पण बंगालच्या दोघींनी पाठ फिरवली होती, कुंदा आणि मी खांद्याला खांदा लावून वाकलो होतो. कुणाचा हात, ते त्याला दिसलं नव्हतं. तो आमच्या चौघींकडे आळीपाळीनं बघायला लागला.

महिनाभराची सवय होती. ज्याची चूक, त्याचा हात वर. माझा हात वर जायला हवा होता. जो हात नको तेव्हा आपोआप वर गेला होता, तोच आता मणामणाचा झाला. मला समोर चौदा पोरी दिसत होत्या. अंजिरा दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. वस्तादांच्या शेजारचा म्हातारा वस्तादांच्या कानाशी लागला होता.

कुंदानं बूट उचलला, लिंबावर ठेवला, दाबला, आणि आपला हात वर केला.

रेफरीनं तिला चार शब्द सुनावले आणि नंबर टिपून घेतला. फिलोमिनानं उजवीकडे उडी मारली, पेनल्टी डावीकडून गेली. आम्ही एक-शून्यनं हरलो. मघाशी "आठ नंबर" म्हणून नाचणारं मैदान आता ओरडत होतं, "ए आठ नंबर! हातानंच खेळायचं तर घरात जात्यावर बस जा!" मी ते सगळं ऐकलं. कुंदानंही ऐकलं.

कपडे बदलायच्या खोलीत बाकीच्या जणी बाहेर गेल्यावर मी तिला धरलं.

"का केलंस?"

"काय?"

"कुंदे, माझा हात होता."

"मंग? मले का माहीत नाई?" ती बुटाची नाडी सोडत होती. "तुह्या मांगं चौदा पोरी उभ्या होत्या. माह्या मांगं कोण हाय? हरलो असतो ते कोणाच्याही हातानं हरलोच असतो ना."

"पण निवड उद्या आहे."

"त्याचं काय? महिनाभर सरानं माहे पाय पाहिले. एका हातानं काय होते?" ती हसली. "तू रडून नको राहू बाप्पा. जा, माय आली हाय तुही."

मी गेले. आई दारातच होती. तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई, तू न्हाई हात लावलास." मी पिशवी खांद्याला लावली आणि तिच्याबरोबर घरची वाट धरली.

गावातलीच म्हणून सरांनी मला रात्री घरी राहायची परवानगी दिली होती. सकाळी पाचला मी तालमीच्या मैदानावर गेले. वस्ताद फाटकाशी बसले होते. पोरी अजून यायच्या होत्या.

"काल कमिटी बसली," ते म्हणाले. "तास दिला पोरींना. कायमचा. म्हातारं म्हणलं, हरली तर हरली, पर आपल्या पोरीनं हात न्हाई लावला."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. ते "ऱ्हाऊ दे" म्हणाले आणि बंडीच्या खिशात हात घालून त्यांनी माझ्यापुढे काहीतरी धरलं. चेंगरलेलं, मातीनं भरलेलं लिंबू.

"सामना झाल्यावर मी ग्राउंडावरनं फिरतो, तुला ठावं हाय. काच-दगूड बघतो. ह्ये गावलं. डीमदी, भित हुती तितं." त्यांनी त्यावरची माती अंगठ्यानं पुसली. "तुज्या पत्रात लिंबाचं लिवलं हुतंस."

पन्नास वर्षं आखाड्यात माणसांचे हातपाय बघण्यात गेलेला तो माणूस. त्याला लिंबाची तरी काय गरज होती?

"वस्ताद, कमिटीला सांगू?"

"मला इचारू नगंस. मला इचारून हात लावला हुतास व्हय?" आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "सांगशील तर ह्यो तास जाईल. न्हाई सांगशील तर त्या पोरीच्या डोक्यावर ऱ्हाईल. दोन्ही तुझंच हाय. मी एवढंच सांगतो, मालन. हात वर करायला जितका उशीर लावशील, तितका त्यो जड हुतोय."

तेवढ्यात गल्लीतून पोरींचा गलका आला. वस्तादांनी लिंबू माझ्या हातावर ठेवलं, उठले आणि फाटक उघडलं. अंजिरानं पळत येऊन माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली. मी लिंबू खिशात टाकलं आणि शिट्टी वाजवली.

अकरा वाजता आम्ही उतरलो होतो त्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात यादी वाचायची होती. बावीस जणी उभ्या. निवड समितीचे एक गृहस्थ खुर्चीत, डाबरे सरांच्या हातात कागद. सरांनी नावं वाचली. सहावं माझं होतं. सोळावं वाचून सरांनी कागदाची घडी केली. कुंदाचं नाव आलं नाही.

त्या गृहस्थांनी घसा साफ केला.

"खेळ चांगला आहे तिचा, प्रश्नच नाही. पण हाताची ही सवय परदेशात परवडणार नाही. कालचं सगळ्यांनी पाहिलंय."

मी सरांकडे बघितलं. माणूस एका दिवसात म्हातारा दिसायला लागतो ते मी तेव्हा बघितलं. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली, सावकाश, एकेकीवरून, आणि रोजचं तेच विचारलं.

"कुणाला हात वर करायचाय?"

बाकीच्यांना वाटलं सवयीनं विचारलं. मला तसं वाटलं नाही. महिनाभर त्यांनी माझी लिंबं पडताना पाहिली होती, आणि कुंदाचं एकदाही पडलं नव्हतं. त्यांना कळलं नसेल असं कसं म्हणू? ते थांबले होते. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ थांबले होते.

माझे दोन्ही हात पाठीमागे होते. एक दुसऱ्याला धरून होता.

कुंदा माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर कदाचित... पण ती मुद्दामच बघत नव्हती. शर्टाचा एक दोरा सुटला होता, तो बोटाला गुंडाळत होती.

"मग, खेळ पुढे," सर म्हणाले. इतक्या हळू की मागच्या पोरींना ऐकूही गेलं नसेल.

संध्याकाळच्या गाडीनं कुंदा गेली. जाताना माझी निळी साडी घडी घालून परत केली. "खिडकीजवळ बसजो," एवढंच म्हणाली. मी "हो" म्हणाले. काय निर्लज्ज "हो" होता तो!

पोरींसाठी म्हणून मी गप्प बसले असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. त्या व्हरांड्यात मला चौदा पोरी आठवल्या होत्या, आणि मला विमानातही बसायचं होतं. दोन्ही. किती कशाचं, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

तालमीवरचा पोरींचा तास मात्र कधी बंद झाला नाही. पाच ते सहाचा पुढे पाच ते सात झाला. अंजिरा शाळेत खेळाची शिक्षिका झाली, माझ्यासारखीच. डाबरे सर गेले, वस्ताद गेले. कुंदाला मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. नागपूरला जायचे प्रसंग आले, ते टाळले. एखाद्या गावाला माणूस किती वर्षं टाळू शकतो ते मी करून बघितलं आहे.

चव्वेचाळीस वर्षांनी ते टाळता आलं नाही. आमच्या तालमीच्या मुलींचा संघ नागपूरच्या स्पर्धेत खेळणार होता, अंजिराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मुलींबरोबर जायला दुसरं कुणी नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी गळ्यात शिट्टी अडकवून मी निघाले.

सकाळी मुलींना घेऊन सरावाच्या मैदानावर पोचले. पलीकडच्या अंगाला एक संघ आधीच आला होता. तीसेक पोरी ओळीत उभ्या. मी चष्मा पुसला. सगळ्यांचे हात मांड्यांलगत सरळ, मुठी आवळलेल्या, आणि प्रत्येक मुठीतून पिवळं काहीतरी डोकावत होतं.

माझे पाय तिथंच थांबले.

"पडलं! एक फेरी!"

आवाज जाड झाला होता, पण तोच होता. पांढरे केस बारीक कापलेले, पायात बूट, साडीऐवजी पँट. तिनं चेंडू पायाखाली घेतला आणि मान वळवली. मला बघितलं. ओळखलं. हसली नाही.

मी चालत गेले. ते पन्नास-साठ पावलांचं अंतर मला त्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा लांब वाटलं. काय बोलायचं ते मी चव्वेचाळीस वर्षं जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हणून तिच्यापुढे उभी राहिले आणि हात वर केला.

तीस पोरी बघत होत्या. माझ्याही पोरी मागून येऊन उभ्या राहिल्या.

कुंदानं पायाखालचा चेंडू बाजूला सारला. मग तिनं सरांसारखंच विचारलं, "कोणती चूक?"

"हात माझा लागला होता." मी मोठ्यानं बोलले, तसाच नियम होता. "कोल्हापूरच्या सामन्यात. नाव तुझं लागलं. निवडीच्या दिवशी सरांनी विचारलं, तेव्हाही मी हात वर केला नाही. तुझ्या जागेवर मी गेले."

पोरींना काही कळलं नसावं, पण एकही हलली नाही. माझा हात दुखायला लागला. चौसष्ट वर्षांचा खांदा तो, दोन मिनिटं वर राहायलाही कुरकुरतो. कुंदानं ते बघितलं.

"राहू दे वरच थोडा वेळ," ती म्हणाली.

मी ठेवला.

"खिडकी भेटली होती?"

"मिळाली होती."

"काय दिसलं?"

"काही नाही. मी बाहेर बघितलंच नाही. जातानाही नाही, येतानाही नाही."

तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा हलला. रागानं म्हणावं तर राग नव्हता. "येडी का व तू?" ती म्हणाली. "मंग काहून गेलती? पाहाचं होतं ना. दोघींचं मिळून तुलेच पाहाचं होतं."

मी रडायला लागले. हात वरच होता, डोळे पुसायला खाली घ्यावा की नाही हेही समजेना. मी डाव्या हातानं पुसले. तिच्या खांद्यावरून मागे तीस पोरी दिसत होत्या, आणि माझ्या मागे माझ्या होत्या.

कुंदानं हाताच्या पाठीनं आपलं नाक पुसलं. मग ताठ उभी राहिली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हात खाली. खेळ पुढे."

मग वाकून गवतात पडलेलं एक लिंबू उचललं, माझ्या मुठीत ठेवलं आणि मला ओळीत नेऊन उभं केलं.